घासणीने निघालेलं मॉडेल

शंकर नगर, रायपूर
४ जुलै २००४

ती. देवयानीताईंना विनोदिनीचा नमस्कार.

पत्र मिळालं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला बोलणं सुचत नाही, तेव्हा आपलं हेच बरं.

दसऱ्याला अभिनव येऊन यांची गाडी नागपूरला घेऊन जाईल, असं तुम्ही लिहिलंत. बरोबर आहे. यांच्या तेराव्याला तसं ठरलंच होतं आणि मीही मान हलवली होती. मला गाडी चालवता येत नाही, आम्हाला मूलबाळ नाही, तुमचा अभिनव यांचा एकुलता भाचा. गाडी काही लोणचं नव्हे, दीड वर्ष तशीच ठेवली म्हणजे मुरत नाही.

पण एक घोटाळा करून ठेवला आहे, तो आधी सांगते.

द्यायची तर धुऊन द्यावी म्हणून रविवारी बादली घेऊन बसले. गाडी जांभळाखाली उभी असते, त्यामुळे वर जांभळं आणि पाखरं दोघांनीही आपापलं लिहून ठेवलेलं. आमची अंजनाबाई म्हणाली, "रहन दे दीदी, मैं धो देहूं." मी ऐकलं नाही. यांची गाडी, मीच धुणार. मागचे डाग फडक्याने निघेनात, तेव्हा स्वयंपाकघरातून कढईची तारेची घासणी आणली आणि जोर लावला. डाग निघाले. रंगही थोडा निघाला. आणि मागच्या दारावर ती चकचकीत अक्षरं असतात ना, गाडीचं मॉडेल सांगणारी, तीही निघून बादलीत पडली. मला वाटलं जांभळाची सालं. बादली नालीत ओतली. मग अंजनाबाई म्हणाली, "दीदी, वो चमचम करत रहिस, वो कहां गे?"

आता तिथे डिंकाचे दोन डाग आहेत आणि भोवती ओरखड्यांची रांगोळी.

तुम्ही हसाल. मलाही हसू येतं, पण लाजही वाटते. मी सातवी पास बाई, शेंगदाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा सरळ करून वाचते. इथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयातलं एक कपाट मी संपवलं, तेव्हा यांनी ऑफिसात पेढे वाटले होते. आणि ज्या गाडीच्या मागे उभी राहून दोन वर्षं "या, या, अजून या, थांबाऽ" ओरडले, तिच्या पाठीवर काय लिहिलंय ते कधी वाचलं नाही! माझं सगळं लक्ष मागच्या कुंड्यांकडे.

पंडरीच्या बाजारात गेले होते. कापडबाजाराच्या मागे देवीदास म्हणून एकाचं गाड्यांच्या स्टिकरांचं दुकान आहे. त्याने विचारलं, "कौन सा मॉडल है माताजी?"

"सफेद," मी म्हटलं.

"सफेद तो रंग हुआ. एल है, एलएक्स है, कि वीएक्स?"

मी फरक विचारला. म्हणाला, "एल में कुछ नहीं, एलएक्स में एसी, वीएक्स में सब कुछ."

"मग सगळे सब कुछच लिहून घेत असतील," मी म्हटलं.

"लिखवाते ही हैं," तो म्हणाला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

ताई, हे असताना तुम्ही दिवाळीला आला होतात तेव्हा पाहिलं असेल. काय होतं, आठवतं का? अभिनवच्या हाती गाडी बिननावाची देणं बरं दिसणार नाही.

आपली,
विनोदिनी


अमरावती
१५ जुलै २००४

गं. भा. विनोदिनीस आशीर्वाद.

घासणी? गाडीला? तुझ्या हाती पडलेली वस्तू एक तर लखलखते, नाही तर नाहीशी होते. माझ्या लग्नातलं चांदीचं तबक आठवते मले. घासून घासून त्यावरचा मोर तू कोंबडीएवढा केला होतास.

व्हीएक्स होतं. विचारायचं कारणच नाही. त्या दिवाळीत मी आले तेव्हा वासूने मला घरात पाऊल टाकू दिलं नाही. हातातली पिशवी घेतली, गाडीच्या मागे नेऊन उभं केलं आणि म्हणाला, "ताई, वाच." मी चष्मा लावून वाचलं. तेव्हा कुठे चहा मिळाला.

गाडी घ्यायच्या आधी मीच त्याला बजावलं होतं. घेशील तर सगळ्यात वरची घे, राजधानीतल्या ऑफिसात आता मोठे मोठे साहेब आले आहेत, खालची घेऊन हसं करून घेऊ नको. बाबा गेल्यापासून मी एखादी गोष्ट सांगितली आणि वासूने ऐकली नाही, असं कधी झालं नाही.

तेव्हा व्हीएक्स आणून लाव. नीट, सरळ रेषेत. आणि पुन्हा धुऊ नकोस. अभिनव दसऱ्याला येतो आहे.

देवयानी


शंकर नगर, रायपूर
२ ऑगस्ट २००४

ती. देवयानीताईंना नमस्कार.

तुमच्या सांगण्याप्रमाणे व्हीएक्स आणलं आणि पट्टी धरून लावलं. लांबून सरळ दिसतं. जवळून व्ही थोडा एक्सच्या अंगावर रेलल्यासारखा वाटतो, पण तेवढं चालायचंच.

दोन दिवस गाडी ऐटीत उभी होती. तिसऱ्या दिवशी शेजारची ममता आली. हे जोडपं नागपूरकडचं, दोघंही इथल्या नव्या ऑफिसांत कामाला, दोन वर्षांपूर्वी राहायला आलं. त्यांची गाडी आमच्यासारखीच, फक्त लाल. ती थांबली, वाचलं आणि म्हणाली, "अय्या काकू, तुमची पण व्हीएक्स? कभी बताया नहीं!"

मी म्हटलं, "सांगायचं काय त्यात?" म्हणजे ताई, मी चक्क भाव खाल्ला.

तिने दार उघडून आत डोकं घातलं. बराच वेळ बाहेर काढेना. मग म्हणाली, "काकू, काचेला तर हँडल आहे. आमच्यात बटन आहे. और एसी किधर है?"

"आहे की," मी म्हटलं. "आम्ही लावत नव्हतो."

"कुठून लावत नव्हता?"

मग तिने मला त्यांच्या गाडीत नेऊन बसवलं आणि बटणं दाखवली. ही एसीची, ही काचांची, हे आणखी कशाचं. आमच्या गाडीत त्या जागी काळं झाकण आहे, गुळगुळीत. मी त्यावर रोज फडकं मारत होते.

आता माझं शहाणपण ऐका. गाडी आली त्या मे महिन्यात मी यांना विचारलं होतं, आपल्या गाडीला एसी नाही का? हे म्हणाले, "लावला का तुले सर्दी होते." केवढं बरं वाटलं होतं मला. रायपूरचा मे, डांबर बुटाला चिकटतं, आणि हा माणूस माझ्या सर्दीसाठी घाम गाळतो. पुढे मीच सांगू लागले, "तुम्हाला फार उकडत असेल तर लावा हो, मी शाल घेईन." तर हे म्हणत, "राहू दे, तुझ्यापेक्षा जास्त काय आहे?" दोन उन्हाळे मी नसलेल्या एसीसाठी पर्समध्ये शाल घेऊन फिरले, ताई.

म्हणजे गाडी एल आहे. कुछ नहीं वाली. अक्षरं कारखान्यातून आलेली नव्हतीच. कारखान्याची असती तर कढईच्या घासणीने निघाली नसती. ती यांनी लावली, तुम्ही यायच्या आधी. तुमचं "ताई, वाच" वाचल्यावर सगळं कळलं. तुमची त्यांना एवढी भीती होती हे मला माहीत होतं. एवढी कला होती हे माहीत नव्हतं. मला मात्र गाडीमागे नेऊन कधी "वाच" म्हणाले नाहीत. बहुधा मी वाचलं असतं तर दुसरा प्रश्न विचारला असता.

तेव्हा अभिनवला आधीच सांगून टाका, गाडी साधी आहे. त्याला नको वाटली तर मला मुळीच राग नाही. इथे जांभळाखाली जागा आहे.

बॅटरी बसली होती ती नवी टाकली. मोटार ड्रायव्हिंग शिकवणारा बंडू म्हणून आहे, तो सकाळी येतो आणि गाडी थोडी फिरून येते. उभी राहून खराब होऊ नये, एवढ्यासाठीच.

विनोदिनी


अमरावती
१२ ऑगस्ट २००४

गं. भा. विनोदिनीस आशीर्वाद.

एल असो की आणखी काही असो, अभिनवला चालेल. तो दसऱ्याला येईल.

व्हीएक्स काढू नकोस. वासूने लावलं होतं, ते राहू दे.

हा बंडू कोण? त्याच्या हाती गाडी काहून दिलीस? गाडीतलं काहीही इकडचं तिकडे करू नकोस. आरसा, गादी, पुढच्या कप्प्यातली त्याची सुपारीची डबी, सगळं जसं आहे तसं मला पाहिजे.

देवयानी


शंकर नगर, रायपूर
१९ सप्टेंबर २००४

ती. देवयानीताईंना नमस्कार.

उत्तराला महिना लावला. तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा राग आला, म्हणून थांबले. राग गेला नाही, पण आता लिहायला बसले आहे.

आधी खरं ते सांगते. बंडू गाडी फिरवत नाही. मी फिरवते. तो शेजारी बसून देवाचं नाव घेतो. बावन्नाव्या वर्षी शिकते आहे. पहिल्या दिवशी म्हणाला, "काकू, गेअर हाय तो, वरवंटा नाही. इतक्या जोरात चटणी नका वाटू." दुसऱ्या दिवशी मी तेलीबांध्याच्या रस्त्यावर वळायचं म्हणून वळण्याचा दिवा लावला आणि पाणी पुसायचे दांडे सुरू झाले. लख्ख ऊन होतं. समोरच्या रिक्षावाल्याने आभाळाकडे पाहिलं.

मागच्या आठवड्यात ब्राह्मणपाऱ्यात शांतामावशींकडे गेले. तुम्हाला ती गल्ली माहीत आहे. दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीने कोणाच्या तरी ओट्यावर चढायचं. नेमकी तिथेच गाडी बंद पडली. मागे हॉर्न, पुढे गाय. नवशिक्यांनी मागे लाल एल लावायचा असतो, तो मी लावला आहे. एक गृहस्थ स्कूटरवरून उतरून आले, एल पाहिला आणि म्हणाले, "माताजी, ये कौन सा मॉडल है, खाली एल?"

"सबसे नीचे वाला, भैया," मी म्हटलं. "इसके नीचे कुछ नहीं आता."

ते हसले आणि त्यांनीच गाडी ढकलून दिली.

होय, व्हीएक्स मी काढलं. तुम्ही नको म्हटलंत तरी काढलं. यांनी लावलेलं नालीत गेलं, ताई. दुसरं मी लावलेलं होतं, ते ठेवून काय करायचं? देवीदासकडून डाग पुसून आणायला गेले तेव्हा त्याने विचारलं, साहेब कुठे आहेत. सांगितलं. तर म्हणाला, "फिर पीछे कांच पर लिख देता हूं, स्वर्गीय वासुदेवजी की स्मृति में. फूल-पत्ती के साथ."

"भैया," मी म्हटलं, "लोक प्याऊ समजून पाणी मागतील."

"तो बच्चों के नाम? सब लिखवाते हैं."

"बच्चे नहीं हैं."

 तो फडक्याने काच पुसून म्हणाला, "तो खाली रहने दो. अच्छा लगता है."

अक्षरांचं निघालंच आहे तर आणखी एक सांगते. तुमच्या पाकिटावर गं. भा. असतं. आधी सौ. असायचं. यांच्या पाठोपाठ माझंही मॉडेल बदललं, एक अक्षर उतरवलं आणि दोन चिकटवली. आतलं यंत्र तेच आहे, फक्त सकाळी चालू व्हायला वेळ लागतो. पुढच्या पाकिटावर नुसतं विनोदिनी लिहा. पोस्टमन ओळखतो.

आता गादीचं. तुम्ही लिहिलंत, हलवू नको. हे उंच, त्यांची बसायची गादी पार मागे लावलेली. माझे पाय क्लचपर्यंत पोचेनात. बंडू म्हणाला, खालची दांडी ओढा आणि पुढे या. मला ते होईना. मी घरातून दोन उशा आणल्या, पाठीशी लावल्या आणि दोन आठवडे तशीच शिकले. एक दिवस ब्रेक दाबायला गेले आणि उशी घसरली. गाडी एका पाणीपुरीच्या ठेल्यापासून हातभर अंतरावर थांबली. ठेलेवाला ओरडला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पाणी दिलं. घरी आले, गाडीतच दार लावून घेतलं, दांडी ओढली आणि पुढे सरकले. मग उशा परत घरात नेऊन ठेवल्या.

राग कशाचा ते आता लिहिते. परवा अभिनवला मी स्वतः फोन केला. म्हटलं, बाबा, गाडी तुला किती हवी आहे ते तूच सांग. तो म्हणाला, "मामी, मेरे पास तो कंपनी की गाड़ी है. मी कशाला मागू? आईच मागून राहिली."

ताई, मी तेराव्याला मान हलवली तेव्हा मला काही दिसत नव्हतं. कोणी घर मागितलं असतं तरी हलवली असती. आज दिसतं आहे. गाडी मी देत नाही. राग धरलात तर तुमचा हक्क आहे. पण एवढं सांगा, तुम्हाला ती हवी कशाला? तुम्हाला चालवता येत नाही, अमरावतीला तुमच्या दारात सायकल मावत नाही, आणि मॉडेल तर तुम्हाला आता माहीतच आहे.

विनोदिनी


अमरावती
११ ऑक्टोबर २००४

विनोदिनी,

पत्र वाचून उशीखाली ठेवलं आणि बरेच दिवस काढलं नाही. अभिनवला चांगली शिवी घातली. तो हसला. पोट्टे आता शिवीलाही हसतात.

मॉडेल मला तेव्हाच माहीत होतं. वासू त्या दिवाळीत मला महामायेच्या दर्शनाला घेऊन गेला, तू घरी फराळाचं करत होतीस. मी काच उतरवायला हँडल फिरवलं. कुरकुर कुरकुर. इथे आमच्या डॉक्टरांच्या गाडीत बटन आहे, मी त्यात बसले आहे. मी बाजूला पाहिलं. वासू रस्त्याकडे बघत होता आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. शाळेत मार्क लपवायचा तेव्हा व्हायच्या तशाच. पन्नाशीचा माणूस, केस पिकलेले, आणि मला घाबरून अक्षरं चिकटवतो. मी म्हटलं, "वरची ती वरचीच, वासू. काय सुरेख चालते." त्यानं लगेच रेडिओ लावला.

त्याला वाटलं मला कळलं नाही. मीही तसंच राहू दिलं. पुढच्या खेपेला चिडवीन म्हणून ठेवून दिलं होतं. पुढची खेप फेब्रुवारीत आली, आणि तेव्हा तो बोलत नव्हता.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. गाडी मला चालवायची नव्हती. मला वाटलं, अभिनव सुटीला नागपूरहून ती इथे घेऊन येईल, गल्लीच्या तोंडाशी उभी करेल, आणि मी अधूनमधून जाऊन त्याच्या जागेवर बसेन. तुझ्याकडे घर आहे, त्याचे कपडे आहेत, त्याची खुर्ची आहे. माझ्याकडे त्याचा एक फोटो आहे आणि त्यात त्याने डोळे मिटले आहेत. तो सगळीकडे पाय लांब करून बसायचा, माझे सासरे चिडायचे. गाडीत तरी तेवढी जागा त्याने स्वतः मापून घेतलेली. ती मला पाहिजे होती. हे पत्रात लिहवेना, म्हणून पोट्ट्याचं नाव पुढे केलं. म्हातारपणी मीही खोटी अक्षरंच चिकटवली म्हण.

आणि तू गादी पुढे घेतलीस.

राग आला होता. आता तसा नाही. ठेल्यावर जाऊन आदळली असतीस तर मी कोणाला पत्र लिहिलं असतं?

गाडी तुझी आहे. अभिनव येणार नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मीच येते, सकाळच्या गाडीने. स्टेशनवरून रिक्षा करीन, तू धावपळ करू नकोस.

देवयानी


शंकर नगर, रायपूर
१६ ऑक्टोबर २००४

ती. ताईंना नमस्कार.

रिक्षा करायची नाही. मी घ्यायला येते आहे. बंडूलाही आणणार नाही. लायसन्स परवाच हातात आलं. फोटोत मी चोरी करताना पकडल्यासारखी दिसते, पण कागद खरा आहे.

मला गाडी मागे घ्यायला अजून जमत नाही, म्हणून मी अशा जागी उभी करीन जिथून सरळ पुढे निघता येईल. तुम्हाला थोडं चालावं लागेल. पांढरी गाडी शोधा, मागे काही न लिहिलेली. फक्त ओरखडे आहेत. तेवढी एकच असेल, बाकी सगळ्या गाड्यांना इथे नावं आहेत.

सुपारीची डबी जागच्या जागी आहे. ती मी हलवली नाही. उघडून वास घेतला एवढंच.

आल्यावर लगेच माझ्या शेजारी बसू नका. मी उतरीन. तुम्ही माझ्या जागेवर बसा, खाली हात घाला, उजव्या बाजूला दांडी लागेल. ती ओढून पाठीने रेटा, गादी मागे जाते. थोडं थोडं अडकत जाते, थांबू नका. पार शेवटी गेली की आपोआप बसते. ती त्यांची जागा. मी तपासून ठेवली आहे, अजून तिथेच जाते.

मग पाय लांब करा आणि हवं तितकं बसा. स्टेशनसमोर मागून हॉर्न वाजवतील, वाजवू देत, मी बाहेर उभी आहे. कोणी भांडायला आलं तर मी बघून घेईन.

तुमचं झालं की सांगा. मग मी पुढे सरकवून घेईन आणि आपण घरी जाऊ.

तुमची,
विनोदिनी